घासागणिक पाणी

८ जानेवारी, बुधवार. अमरावती

आज एकच दुर्बीण तीन वेळा पाण्यात बुडवून तपासली. नियम एकदाचा आहे. रश्मी सिस्टर म्हणाली, "तुले पगार बुडबुड्यावर मिळते का वं?" मी हसले, पण तिसऱ्यांदा पाहिल्याशिवाय ती कपाटात ठेववली नाही.

आई फोनवर विचारते, तू तिथे नेमकं काय धुतेस. तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. तोंडातून पोटात सोडायची काळी लवचीक नळी असते, टोकाला दिवा आणि कॅमेरा. तीच एंडोस्कोपीची दुर्बीण. प्रत्येक पेशंटनंतर ती धुवायची. मग आत हवा भरून टबात बुडवायची, टोक चारही बाजूंनी वाकवायचं आणि बुडबुडा येतो का ते पाहायचं. आला तर वरच्या कातडीला भोक आहे.

हे मला कोर्समध्ये शिकवलं, पण येत आधीपासून होतं. अकोल्याला डाबकी रोडवर बाबांचं पंक्चरचं दुकान आहे. शाळेत नाव घालायच्या आधी मी तिथल्या टबापाशी बसायचे. बाबा ट्यूबवर खडूने अ काढून द्यायचे, आ काढून द्यायचे, आणि भोक सापडलं की त्याभोवती गोल. माझी पहिली पाटी म्हणजे ट्यूब. त्यांचा एकच नियम होता. एक भोक सापडलं म्हणून ट्यूब पाण्याबाहेर काढायची नाही. पूर्ण फेरी मारायची आणि वाकवून मारायची, कारण काही भोकं सरळ ट्यूबमध्ये मिटलेली असतात.

उद्या पहिल्यांदा दुर्बीण घेऊन ऑपरेशन थिएटरमध्ये जायचं आहे. पोटाचं ऑपरेशन डॉ. रागिणी मॅडम करणार, त्याच वेळी डॉ. अश्विन सर आतून दुर्बिणीने पाहणार. मी सरांच्या हाताखाली. वायर, पाण्याची बाटली, जास्तीचा दिवा, सगळं दोनदा मोजलं. खोलीवर आल्यावर वाटलं, बाटलीचं झाकण पाहिलंच नाही.

९ जानेवारी, गुरुवार

झाकण ठीक होतं. बाकी मी काय केलं ते लिहिताना हात थांबतो आहे.

पेशंट मोर्शीचे जानराव काका, संत्र्याचा बगीचा असलेले. जठराच्या आतल्या बाजूला जांभळाएवढी गाठ. बाहेरून जठर गुळगुळीत दिसतं, गाठ कुठे आहे ते कळत नाही. सरांनी तोंडातून दुर्बीण आत नेली, मॅडमनी आपल्या कॅमेऱ्याचा उजेड कमी केला, आणि जठराच्या भिंतीतून आतला दिवा लालसर दिसला. मुठीत टॉर्च धरल्यावर बोटं दिसतात तसा. मॅडमनी नेमका तेवढाच भाग काढला आणि टाके घातले. 

मग तपासणी. मॅडमनी जठराभोवती सलाईनचं पाणी भरलं, सरांनी आतून हवा सोडली. टाक्यांच्या ओळीच्या पुढच्या टोकाला एक बुडबुडा आला. मॅडमनी तिथे टाका घातला. परत हवा. काही नाही. "छान," म्हणाल्या आणि पाणी ओढून घ्यायची नळी मागितली.

ओळीचं दुसरं टोक जठराच्या मागे होतं. ते कोणी पाहिलं नव्हतं. टेक्निशियनने मध्ये बोलायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. आणि मी बोलले. "मॅडम, मागून नाही पाहिलं."

सगळ्यांचे हात थांबले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान वर केली. मॅडमनी जठर उचलून धरलं, पाणी परत भरलं, सरांनी हवा सोडली. मागून मोहरीएवढे बुडबुडे निघाले, एकामागून एक.

टाका घातला गेला. काका सुखरूप वॉर्डात गेले. हातमोजे काढताना मॅडमनी मला विचारलं, गाव कोणतं? मी अकोला म्हणाले. वडील काय करतात? मी ते सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि गेल्या.

वडिलांचा धंदा विचारायचं कारण काय असेल? मला पायरी दाखवली असावी. मी चुकले असं नाही म्हणत, पण आवाज तरी हळू काढायला हवा होता.

१२ जानेवारी, रविवार. अकोला

घरी आलं की जेवण शांतपणे होतं. मेसमध्ये मुली भराभर गिळतात, ते पाहून मला धसका बसतो. आमच्या घरचं वळण वेगळं आहे. कोरडी भाकरी खायची नाही, वरणात चुरून घ्यायची. घासागणिक एक घोट पाणी. अर्धं जेवण झालं की उठून अंगणात दहा पावलं चालायचं, मग उरलेलं. मी आणि धाकटा भाऊ विपुल लहान होतो तेव्हा बाबा पुढे आणि आम्ही दोघं मागे, अशी आमची रांग अंगणात फिरायची. शेजारच्या गोदाबाई म्हणायच्या, चालली यांची रेलगाडी. बाबा म्हणतात, कष्टाच्या माणसाने असंच जेवावं, अंगी लागतं.

बाबांनी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली आहेत, दुकानातल्या टोच्याने. अगदी एका रेषेत. या वयातही हाताला किती सफाई आहे, पाहून बरं वाटलं. फक्त खोकला मागे लागला आहे, आडवं झाल्यावर जास्त. समोरच्या रस्त्याची धूळ. त्यांनी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून घेतल्या आहेत.

त्यांना थिएटरमधलं सगळं सांगितलं. मला वाटलं, मोठ्या माणसांत बोलल्याबद्दल रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "वाकवून पाह्यलं होतं का?"

१३ जानेवारी, सोमवार. अमरावती

थिएटरच्या भिंतीवर ऑपरेशनआधी वाचायची यादी चिकटवलेली आहे. आज तिच्या खाली मॅडमच्या अक्षरात नवी ओळ दिसली: "हवा-पाण्याची तपासणी दोन फेऱ्या. दुसरी मागच्या बाजूने."

म्हणजे त्या विसरल्या नाहीत. रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती ओळ राहणार आणि सगळ्यांना आठवणार की मी मध्ये बोलले होते. रश्मीला हे बोलून दाखवलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "अवं, तू खरंच इतकी भोळी आहे का?" म्हणाली. काय म्हणायचं होतं कोण जाणे.

डबा खाताना ती परत माझ्या पाण्याच्या बाटलीवर आली. "घास गिळतं का ढकलतं?" मी म्हटलं, आमच्या घरची पद्धत आहे, सगळे असेच जेवतो. ती म्हणाली, तुमच्या घरचं आपलं येगळंच आहे बाप्पा.

२३ जानेवारी, गुरुवार

आज परतवाड्याच्या केशरबाई आल्या होत्या, गिळताना त्रास म्हणून. एंडोस्कोपीआधीचा फॉर्म मी भरते. प्रश्न पाठ आहेत. घास अडकतो का? कुठे? किती दिवसांपासून? केशरबाई बोलक्या होत्या, मी लिहीत गेले.

कोरडं उतरत नाही, पातळात चुरून खावं लागते. प्रत्येक घासाले पानी पाहिजे. अर्ध्यावर उठून चालावं लागते, मंग थो घास खाली जाते. रात्री आडवं झालं की खाल्लेलं वर येते, खोकला सुटते. डोक्याखाली दोन उश्या लागते. वजन? लुगडं ढिलं झालं बाई, काय सांगू.

"पुढे लिही ना," केशरबाई म्हणाल्या. मी पान पाहत बसले होते. फॉर्मवर माझ्या अक्षरात आमच्या घरचं वळण लिहिलेलं होतं, ओळीने, एकही गोष्ट न वगळता. खाली विटा तेवढ्या राहिल्या होत्या. आणि पट्टा.

२४ जानेवारी, शुक्रवार

मी रोज वीस माणसांना हे प्रश्न विचारते. बाबांना एकदाही विचारलं नाही. उलट वहीत लिहून ठेवलं की भोकं एका रेषेत आहेत. बारा तारखेचं ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. चूक असली तरी लिहिलेलं तसंच राहू द्यावं.

बुधाजी मोठे बाबा, बाबांचे थोरले भाऊ, मी आठ वर्षांची असताना अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. हे मी इथे एकदाच लिहिणार आहे.

२६ जानेवारी, रविवार. अकोला

झेंडावंदन झाल्यावर सकाळच्याच गाडीने आले. मी एक लबाडी केली. बाबांच्या ताटात कोरडी भाकरी आणि ठेचा वाढला आणि पाण्याचा पेला आत नेऊन ठेवला. त्यांनी पहिला घास घेतला. हात पेल्याच्या जागेवर गेला, तिथे काही नव्हतं. ते तसेच बसून राहिले, छातीच्या मधोमध मूठ दाबून, डोळे पाण्याने भरलेले. मी पळत जाऊन पेला आणला. अशी परीक्षा मी परत कोणाची घेणार नाही.

घास खाली गेल्यावर विचारलं, कधीपासून?

"विपुल पहिलीत होता तवापासून."

पंधरा वर्षं. मी म्हटलं, "सांगतलं कावून नाही, बाबा?"

त्यांनी ताटातली भाकरी बाजूला सारली. "बुधाजीचं पाह्यलं ना मी. त्याच्या रोगाचं नाव निघालं अन् चार महिन्यात थो गेला. मी म्हनलं, आपन नावच नाही काढू द्यायचं."

आई हातात पळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पंधरा वर्ष मी भाकर चुरून राहिली. मले वाटलं, तुमाले तशी आवडते."

 मग बाबांना थोडं हसू आलं, आईला नाही आलं.

मी त्यांना समजावलं की कॅन्सर असता तर पंधरा वर्षं थांबला नसता. हे बहुतेक खरं आहे, पूर्ण खरं नाही, आणि तेही मी त्यांना सांगितलं. खोटा धीर द्यायला मला जमत नाही. आधी नुसतं आत पाहू, नाव नंतर काढू, असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तू असशील का तिथं? मी म्हटलं, दुर्बीण मीच धुऊन देईन.

"मंग तीन वेळा बुडवजो," ते म्हणाले.

३० जानेवारी, गुरुवार. अमरावती

गाठ नाही.

हेच आधी लिहिते. गाठ नाही, जखम नाही, कॅन्सर नाही.

मी सरांच्या हाताखाली उभी राहिले नाही. माझी जागा रश्मीने घेतली, मी दाराशी होते. पडद्यावर बाबांची अन्ननलिका दिसली, जास्त हवा भरून फुगलेल्या ट्यूबसारखी रुंद, तळाशी कालचं अन्न. जठराच्या तोंडाशी जी स्नायूंची कडी असते ती घट्ट आवळलेली, घास आला तरी उघडतच नाही. सरांनी दुर्बीण हलकेच दाबून धरली तेव्हा कुठे वाट मिळाली. पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला, त्यात नळी खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होत गेली होती. केशरबाईंचंही हेच निघालं आहे.

सर म्हणाले, हा आजार कॅन्सर नाही, ऑपरेशनने बरं वाटतं, आधी नागपूरला अन्ननलिकेतल्या दाबाची तपासणी करून या. आणि मग मला म्हणाले की इतकी वर्षं ओळखू आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी मान हलवली. मनाला लागलं आहेच, पण आज त्याच्यापेक्षा आनंद जास्त आहे. आईला फोन केला तर ती म्हणाली, थांब, आधी बसते.

८ फेब्रुवारी, शनिवार

नागपूरच्या तपासणीत तेच आलं. आज बाबा मॅडमना भेटले. स्वच्छ पांढरा सदरा, पट्टा शेवटच्या भोकाला.

मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाला चार-पाच बारीक छेद देऊन आत जायचं आणि ती आवळलेली कडी बाहेरून उभी चिरायची. आतलं अस्तर मात्र शाबूत ठेवायचं. अस्तर कागदासारखं पातळ असतं. तोंडातून दुर्बीण आत असते, वाट पुरेशी मोकळी झाली का ते तिच्यातून दिसतं.

बाबांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हनजे टायर कापायचा अन् ट्यूबले धक्का नाही लावायचा."

"तसंच."

"अन् लागला तं?"

मॅडम म्हणाल्या, लागू शकतो. शंभरात पाच-सात जणांना लागतो. तेव्हाच कळलं तर टाका घालून भागतं, नाही कळलं तर माणूस फार आजारी पडतो. म्हणून वरून पाणी भरायचं, दुर्बिणीतून हवा सोडायची आणि बुडबुडे पाहायचे.

बाबांचा चेहरा एकदम बदलला. आल्यापासून ते खुर्चीच्या टोकाला बसले होते, आता नीट मागे टेकून बसले. "हे तं माझंच काम आहे, मॅडम. किती फेऱ्या मारता?"

"दोन. एक समोरून, एक मागून. मागच्या महिन्यापासून." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमच्या मुलीने शिकवलं. मी वीस वर्षं ऑपरेशन करते आहे, मागून पाहायची सवय नव्हती मला. तिला विचारलं वडील काय करतात, तेव्हा कळलं कुठून आलं ते. भिंतीवर लिहून ठेवलंय."

मी भिंतीकडे पाहिलं. ओपीडीच्या भिंतीवर काही नव्हतं. ती ओळ थिएटरमध्ये आहे आणि मी महिनाभर तिच्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, बाई बरी आहे, ट्यूबले धक्का नाही लावणार. आणि थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "तू तिले शिकवलं म्हनते."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दुर्बीण मी धुतली. तीन वेळा बुडवली. रश्मी शेजारी उभी राहून एक, दोन, तीन मोजत होती, आज तिने चिडवलं नाही. चौथ्यांदा तिनेच बुडवायला लावली.

थिएटरमध्ये मी गेले नाही. आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आत राहू नये. आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. मला आत काय चाललं असेल ते मिनिटामिनिटाला माहीत होतं, हेच अवघड होतं. आता छेद दिले असतील, आता कडी चिरत असतील. आता पाणी. पाण्याची वेळ झाली आणि पुढे अर्धा तास कोणी बाहेर आलं नाही. तपासणीला पाच मिनिटं लागतात. आई विचारत होती, झालं असंल का? मी म्हणत होते, होईल. मनात अस्तर, कागद, भोक, हे तीनच शब्द.

मॅडम आल्या तेव्हा आधी टोपी काढली. "पहिली फेरी कोरी. दुसऱ्या फेरीला मागून एक बुडबुडा आला." मी बाकावरून उठले. "एकच. परत आला नाही. आधीची हवा कुठेतरी चिकटून राहिली होती, ती सुटली असणार. पण खात्री हवी ना, म्हणून सगळं पाणी काढलं, नवं भरलं, अश्विनने टोक वाकवून आतून सगळं अस्तर पाहिलं, आणि मी तिसरी फेरी मारली. तीही कोरी. तू रोज तीनदा बुडवतेस म्हणे."

रश्मीने आत सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही.

आईला यातलं काही समजलं नाही. ती मला म्हणाली, "बाई काय म्हनते? भोक हाय का नाही?"

"नाही, आई."

मग आई रडली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी पाणी प्यायलं. सरळ खाली गेलं. त्यांनी पेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत एक घोट घेतला. पहिला प्रश्न, "किती फेऱ्या?" तीन म्हटल्यावर समाधानाने डोळे मिटले.

वॉर्डात केशरबाई भेटल्या. त्यांचं ऑपरेशन परवा आहे. बाबांनी त्यांना सगळी माहिती दिली, टायर आणि ट्यूबसकट.

९ मार्च, रविवार. अकोला

आधी पातळ, मग मऊ भात, खिचडी. आजपासून भाकरीला परवानगी. विपुलही पुण्याहून आला. गोदाबाई उगाचच साखर मागायला येऊन उंबऱ्यात बसल्या.

खाटेखालच्या विटा बाबांनी काढल्या नाहीत, मॅडमनी आणखी काही महिने ठेवायला सांगितल्या आहेत. पट्टा एक भोक मागे आला आहे.

आईने गरम भाकरी वाढली. सवयीने चुरायला हात घातला आणि मागे घेतला. बाबांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, चावून चावून खाल्ला. आम्ही चौघं त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो. त्यांनी गिळलं. थोडं थांबले, वाट पाहिल्यासारखे. मग दुसरा तुकडा मोडला. तिसऱ्या तुकड्याला म्हणाले, ठेच्यात मीठ कमी आहे. आई म्हणाली, पंधरा वर्षांनी पहिल्यांदा नाव ठेवलं, घ्या मीठ.

अर्धं जेवण झालं आणि विपुल उठून अंगणाकडे निघाला. दारात जाऊन थांबला, मागे वळून पाहिलं. बाबा बसलेलेच होते. गोदाबाई म्हणाल्या, "रेलगाडी बंद झाली का आता?" तो परत येऊन बसला. आम्ही सगळे इतके हसलो की ठसका लागला, मला, बाबांना नाही.

ठसका लागला म्हणून मी पेला उचलला. तो गेला तरी पेला हातातच होता. एक घास, एक घोट, एक घास, एक घोट. माझं लक्षच नव्हतं. बाबा जेवायचे थांबून माझ्याकडे पाहत होते. गेली पंधरा वर्षं मी त्यांना जसं पाहायला हवं होतं तसे.

"तू कावून पिऊन राहिली, बाई? तुले काही अटकते का?"

मी नाही म्हणाले. म्हणाले खरं, पण मला माहीत नव्हतं, कधी पाहिलंच नव्हतं. पेला खाली ठेवला. भाकरीचा कोरडा तुकडा मोडला, ठेच्याला लावून तोंडात घातला, चावला आणि गिळला. काही करावं लागलं नाही. तो आपला आपण खाली गेला.

"मागून पाह्य," बाबा म्हणाले, आणि दुसरा तुकडा माझ्या ताटात टाकला.